मिस्सेनंतर उमेदवाराला दोन मिनिटे माईक द्यावा का?

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजात, नुकत्याच पॅरिश कौन्सिलच्या (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाच्या) सचिव झालेल्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निवडणूक तोंडावर आली आहे. त्यांच्याच चर्चमध्ये दर रविवारी मिस्सेला (सामुदायिक उपासनेला) येणारा एक गृहस्थ उमेदवार आहे. यंदाच्या सणाच्या मंडपाचा सगळा खर्च तो उचलायला तयार आहे, फक्त मिस्सा संपल्यावर त्याला दोन मिनिटे माईक हवा आहे. कौन्सिलमधले निम्मे म्हणतात, ‘आपला माणूस आहे, द्या की.’ उरलेले म्हणतात, चर्चने निवडणुकीचे नावच काढू नये, साधे मतदार नोंदणीचे टेबलसुद्धा नको. आणि फादर म्हणतात, ‘तुम्हीच काय ते ठरवा.’

मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या धर्मग्रामाच्या कौन्सिलवर बरीच वर्षे सचिवाचे काम केले, आणि शिक्षक म्हणून मतदान केंद्राध्यक्षाची ड्युटीही वाट्याला येत राहिली. त्यामुळे हा प्रश्न मी वेदीच्या बाजूने पाहिला आहे तसा मतपेटीच्या बाजूनेही पाहिला आहे.

ताई, आधी उत्तर देतो. माईक देऊ नका. टेबल मात्र नक्की लावा. आता दोन्हीची कारणे, कारण बैठकीत नुसते ‘नको’ टिकत नाही. कोणीतरी ‘का नको?’ विचारतोच.

तुमच्याकडचा वाद ‘राजकारण हवे की नको’ असा मांडला गेला आहे, आणि तिथेच तो फसला आहे. खरा प्रश्न असा की बोलणारा कुणाच्या नावाने, कुणाच्या जागेत आणि कुणाच्या पैशाने बोलतो आहे. तो उमेदवार गावच्या नाक्यावर, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खर्चाने बोलला तर तुम्हा-आम्हाला हरकत घेण्याचे कारण नाही. तो त्याचा हक्क आहे, आणि एखादा कॅथलिक माणूस निवडणुकीला उभा राहतो ही चांगलीच गोष्ट आहे. पण वेदीपाशी उभा राहून बोलला की त्याच्या शब्दांना आपोआप धर्मग्रामाचे वजन येते. ते वजन त्याचे नाही. समोर बसलेल्यांपैकी जे दुसऱ्याला मत देणार आहेत, त्यांचाही त्यात वाटा आहे.

शिकवणीचे म्हणाल तर ती दोन्ही गटांना अडचणीत टाकणारी आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २२४० व्या परिच्छेदात कर भरणे, मतदानाचा हक्क बजावणे आणि देशाचे रक्षण करणे ही तिन्ही नैतिक कर्तव्ये म्हणून एकत्रच सांगितली आहेत. म्हणजे ‘निवडणुकीचे नावच नको’ म्हणणाऱ्यांना तिथे आधार मिळत नाही. दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज काढला, त्याच्या ४३ व्या क्रमांकात स्पष्ट म्हटले आहे की सारख्याच प्रामाणिकपणाने विचार करणाऱ्या श्रद्धावंतांची ऐहिक प्रश्नांवर वेगवेगळी मते होऊ शकतात, आणि अशा वेळी कोणीही ख्रिस्तसभेचा अधिकार आपल्याच मताच्या खिशात घालू नये. कॅनन लॉच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्याच्या, २२७ व्या कलमात हेच कायद्याच्या भाषेत आले आहे: प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांना, सार्वजनिक जीवनात स्वातंत्र्य आहे, पण स्वतःचे मत ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून पुढे करू नये. ‘आपला माणूस’वाल्यांनी हे वाचावे.

हे आपल्याला वसईत पुस्तकातून शिकायची गरज नाही. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावे पालिकेत राहावीत की वगळावीत यावरून केवढे रान उठले होते, ते आठवणारे तुमच्या कौन्सिलमध्येही असतील. त्या वेळी कुठल्या तरी एका बाजूचा माणूस चर्चच्या माईकवर चढला असता, तर दुसऱ्या बाजूच्या कुटुंबांनी पुढच्या रविवारी कुठे बसायचे?

मग धर्मग्रामाने गप्पच बसायचे का? नाही. प्रश्नावर बोलणे आणि उमेदवारावर बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व केले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची बागायत बिल्डरांच्या तोंडी जायला लागली तेव्हा एक धर्मगुरू रस्त्यावर उतरला, पाणी आणि जमीन यांबद्दल बोलला. त्यांच्यासोबत सगळ्या धर्मांची माणसे होती. पण ते कुठल्या पक्षाचे उमेदवार झाले नाहीत. कॅनन लॉचे २८५ वे कलम धर्मगुरूंना सत्तेचे पद घेण्यास मनाई करते, आणि २८७ वे कलम राजकीय पक्षात सक्रिय होण्यास. त्याला अपवाद फक्त अधिकारी धर्माचार्यांनी ख्रिस्तसभेच्या हक्कांसाठी किंवा सर्वांच्या हितासाठी गरज मानली तरच. याच धर्तीवर दलित ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. त्यावर ख्रिस्तसभा दरवर्षी १० ऑगस्टला निषेध नोंदवते. तिथे मागणी आहे, उमेदवार कुणीच नाही.

आता देशाचा कायदा. हा भाग कौन्सिलच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, कारण पुष्कळांना तो माहीतच नसतो. १९८८ चा धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा केंद्राचा कायदा आहे. धार्मिक संस्थेची जागा, तिचा पैसा आणि तिचे सण-समारंभ, मिरवणुका राजकीय कामासाठी वापरता येत नाहीत, असे तो सांगतो. उल्लंघन झाले तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेतही मंदिर, मशीद, चर्च प्रचारासाठी वापरू नये हे वेगळे सांगितलेले असते. शिवाय लोकसभा-विधानसभेला लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये धर्माच्या नावावर मत मागणे हे भ्रष्ट आचरण मानले आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा निकालाने सांगितले की फक्त उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणेही त्यात येते. ‘आपला माणूस’ हे शब्द वेदीवरून उच्चारले की नेमके तेच होते. निवडून आल्यावर विरोधकाने तेवढ्यावरून कोर्टात खेचले तर आपल्याच माणसाचे नुकसान आपण केलेले असेल. हा मुद्दा त्याच्या समर्थकांना लगेच पटतो, असा माझा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, आमच्याकडे ग्रामपंचायत आहे, तिथे पक्षाचे चिन्ह नसते, मग हे राजकारण कसे? १९८८ च्या कायद्यातली ‘राजकीय काम’ची व्याख्या फार रुंद आहे. तिच्यात पक्ष येतो, निवडणुकीला उभा राहणारा माणूस येतो आणि राजकीय स्वरूपाचा प्रश्नसुद्धा येतो. म्हणून मी प्रश्नांवरची सभाही चर्चच्या आवारात घ्या असे कधी सुचवत नाही. गावचे समाजमंदिर, पंचायतीचे सभागृह, खुले मैदान घ्या, आणि निमंत्रक म्हणून कौन्सिलचे नाव न घालता गावातल्या नागरिकांची नावे घाला. तेच लोक, तेच प्रश्न. फक्त नाव आणि जागा बदलते.

फादरांचे ‘तुम्हीच ठरवा’ हे मात्र मला खटकले. फादर नवे असतील, गावात कुणाला दुखवायचे नसेल, हे मी समजू शकतो. पण कॅनन लॉच्या ५३६ व्या कलमाप्रमाणे पॅरिश कौन्सिल सल्ला देते, निर्णय देत नाही, आणि तिचे अध्यक्षपद प्रमुख धर्मगुरूंकडेच असते. माईक द्यायचा की नाही हा शेवटी त्यांचा निर्णय आहे, आणि उद्या पोलीस आले तर आवाराचा जबाबदार म्हणून तेच पुढे असतील. म्हणून त्यांना आदराने सांगा की कौन्सिल आपले मत लेखी देईल, निर्णय तुमच्या सहीने नोंदवू. इतिवृत्तात दोन्ही वेगवेगळे लिहा. सचिवाचे अर्धे काम हेच असते. बिशपांच्या कार्यालयाकडून निवडणुकीआधी परिपत्रक आले असेल तर ते आधी वाचा. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचे वजन जास्त आहे.

मंडपाच्या पैशाबद्दल मात्र मी एकच नियम सांगू शकत नाही. तो माणूस दरवर्षी सणाला काहीतरी देत आला असेल तर यंदाही तेवढेच घ्या, इतर दात्यांसारखी रीतसर पावती द्या, रक्कम फायनान्स कमिटीच्या वहीत चढवा, आणि मंडपात त्याचे नाव, फोटो, चिन्ह काहीही येऊ देऊ नका. पहिल्यांदाच, आणि तेही निवडणुकीच्या वर्षात, सगळा मंडपच द्यायला निघाला असेल तर नम्रपणे नको म्हणा. मतदारांना खूश करण्यासाठी दिलेला पैसा म्हणून त्याकडे बोट दाखवले जाईल, आणि तुमच्याकडे त्याला उत्तर नसेल. आचारसंहिता लागली असेल तर विचारही करू नका. सणाचा मंडप यंदा लहान झाला म्हणून कुणाची श्रद्धा आखडत नाही. खरे सांगायचे तर आमच्याकडच्या सणांचे मंडप अलीकडे जरा जास्तच मोठे झाले आहेत, पण तो विषय वेगळा.

फ्लेक्सचेही तसेच. ‘सणाच्या हार्दिक शुभेच्छा’ म्हणत हात जोडलेला चेहरा गेटवर लागतो. आवाराच्या आत लावायला कौन्सिलची परवानगी लागते, ती देऊ नका. आवाराबाहेरचा रस्ता पालिकेचा किंवा पंचायतीचा, तिथली तक्रार तिकडे करायची. आणि एक गोष्ट केंद्राध्यक्ष म्हणून सांगतो: आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी धर्मग्रामाची शाळाच मतदान केंद्र असते. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही. चर्च शाळेला लागून असेल तर चर्चचे फाटकही त्यातच येते. आदल्या रात्री एकदा फेरी मारून कुणी कागद चिकटवला आहे का ते पाहून घ्या.

आता टेबल. याला ‘राजकारण’ म्हणणाऱ्यांना माझे एकच म्हणणे आहे: यादीत नाव असणे म्हणजे प्रचार नव्हे. आपल्या भागातल्या याद्यांचा गोंधळ मी केंद्रात बसून पाहिला आहे. लग्न होऊन दुसऱ्या गावात गेलेल्या मुलीचे नाव अजून माहेरच्या यादीत. मुलगा नोकरीसाठी विरारच्या फ्लॅटमध्ये, नाव वाडीत. आजोबा कधीच गेले, तरी यादीत हयात. नव्या मतदारासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८, मृत किंवा स्थलांतरित नाव वगळण्यासाठी नमुना ७. हे सगळे आता ऑनलाइनही होते, पण ज्येष्ठांना हाताशी कोणीतरी लागते. अठरा पूर्ण होण्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. म्हणून कॉलेजच्या मुलांना ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू देऊ नका. आखातात असलेल्यांचा प्रश्न दर घरात निघतो. भारतीय नागरिकत्व असेल तर नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या यादीत नाव येऊ शकते, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर यावे लागते. तिकडून मत पाठवण्याची सोय त्यांना नाही.

टेबल चर्चच्या दारात नको, शाळेच्या फाटकाशी लावा, आणि बीएलओंना, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, आधी कळवा. त्यांनाच बोलावून बसवले तर उत्तम. आणि टेबल सगळ्या गावासाठी ठेवा. शेजारच्या आळीतली हिंदू, मुस्लिम कुटुंबे, पाड्यावरचे आदिवासी, पूर्वेकडून कामाला येऊन भाड्याने राहिलेले, कोणीही येऊ दे. फक्त कॅथलिकांची नावे चढवणारे टेबल म्हणजे मतपेढी बांधणे झाले. सर्वांसाठीचे टेबल म्हणजे नागरिकांचे काम.

इथे एक धोका असतो, आणि तो माईकपेक्षा मोठा आहे. उमेदवार माईकसाठी नाही म्हटले की हळूच दुसरे मागतो: धर्मग्रामाची कुटुंबनोंद, धर्मग्रामातल्या विभागांच्या प्रमुखांचे नंबर, नाहीतर विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये ‘फक्त एक मेसेज’. हे काहीही देऊ नका. कुटुंबांनी ती माहिती स्नानसंस्कार, लग्न, आजारपणात कम्युनियन, अंत्यविधी यांसाठी दिलेली आहे. ती प्रचाराला गेली तर पुढच्या वेळी लोक विभागप्रमुखाला नंबरही देणार नाहीत. निवडणूक संपेपर्यंत ग्रुपवर फक्त ॲडमिनना लिहिता येईल असे करा. काही लोक रागावतात. रागावू द्या.

उमेदवार स्वतः कौन्सिलवर असेल, किंवा मिस्सेत बायबलचे वाचन करत असेल, तर? आमच्याकडे आम्ही ठरवले होते की अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत त्याने कौन्सिल, वाचन, कम्युनियन वाटप यांपासून बाजूला राहायचे. मिस्सेला यायचे ते इतरांसारखे. प्रत्येक ठिकाणी असेच करावे असे मी म्हणणार नाही. लहान धर्मग्रामात माणसेच कमी असतात. पण नियम निवडणुकीच्या आधी, कुणाचे नाव समोर नसताना ठरला पाहिजे. नाव समोर आल्यावर केलेला नियम त्या माणसाविरुद्धचा ठराव वाटतो.

प्रवचनाबद्दल कोणी विचारेलच. ‘मतदान करा, पैसे घेऊ नका, विचार करून मत द्या’ हे फादरांनी जरूर सांगावे. नाव, चिन्ह, किंवा ‘कोणाला द्यायचे ते तुम्हाला कळते’ अशी डोळा मारणारी वाक्ये टाळावीत. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत तर सत्तेवर असलेल्यांसाठी विनंती हा नेहमीचाच भाग आहे, आणि शुभशुक्रवारच्या दहा महाप्रार्थनांपैकी नववी त्यांच्यासाठीच असते. तिथे कुठल्याही पक्षाचे सरकार असो, प्रार्थना बदलत नाही.

म्हणजे आतापर्यंतचे इतकेच: धर्मग्रामाचे नाव, जागा, पैसा आणि लोकांची माहिती उमेदवारासाठी नाही. मतदार नोंदणी आणि प्रश्न सर्वांसाठी खुले.

तुम्ही शेवटी विचारले होते की रस्ता आणि पाणी यांचे काय, निवडणुकीपुरते बोलून काय उपयोग. या वाक्यासाठी मी तुमचा प्रश्न उत्तरासाठी निवडला. मतदान हे नागरिक म्हणून सगळ्यात सोपे काम आहे. अवघड कामे मधल्या पाच वर्षांत असतात. वसई-विरार पालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासकाचाच कारभार चालला. त्या काळात नगरसेवक नव्हता, पण टँकर होते, बुजवलेली बावखले (गावातली छोटी तळी) होती, पावसात तुंबणारे नाले होते. तेव्हा कुणाकडे जायचे हेच लोकांना कळत नव्हते, कारण ‘आपल्या माणसाला’ फोन करण्यापलीकडे आपण काही शिकलोच नव्हतो.

म्हणून माझी सूचना अशी की कौन्सिलच्या सामाजिक शाखेतल्या दोन-तीन जणांनी, आपल्या नावाने, नागरिक म्हणून, हे काम शिकावे. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेला जावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ती बहुतेक होतेच, आणि झेंडावंदनानंतर घरी पळण्याची आपली सवय मोडावी. सूर्या, उसगाव, पेल्हार या धरणांतून आपल्या गावाला पाणी किती मंजूर आहे, प्रत्यक्ष किती येते, कोणत्या दिवशी येते, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. विकास आराखड्याची सूचना निघाली की हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. तेव्हा कोणत्या सर्व्हे नंबरवर रस्ता पडतो आहे, कोणते बावखल ‘मोकळी जागा’ दाखवले आहे, हे पाहणारे डोळे गावात हवेत. चर्चच्या जागेचा प्रश्न असला तरच आपण एकत्र येतो, शेजारच्या पाड्याचा असला की नाही, असे होऊ देऊ नका. ख्रिस्ती माणसाचे नागरिकत्व तिथेच तपासले जाते, असे माझे ठाम मत आहे.

उमेदवारांची एकत्र सभा घ्यायची असेल तर तीही या लोकांनी घ्यावी. सर्वांना लेखी निमंत्रण, सर्वांना सारखा वेळ, विभागांतून गोळा केलेले तेच पाच-सहा प्रश्न. एकच उमेदवार आला तर सभा रद्द करा आणि उत्तरे लेखी मागवा. एकट्यासाठी चालवलेली सभा म्हणजे दोन मिनिटांच्या माईकची मोठी आवृत्ती.

कौन्सिलसाठी ठराव असा लिहा: ‘येत्या निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराला किंवा पक्षाला धर्मग्रामाचे व्यासपीठ, आवार, निधी, नोंदवही अथवा संपर्कगट वापरू देऊ नये, असे कौन्सिलचे मत आहे. सर्व नागरिकांसाठी मतदार नोंदणीस साहाय्य करावे.’ खाली प्रमुख धर्मगुरूंचा निर्णय, त्यांची सही, तारीख. आणि त्या गृहस्थांना उत्तर फोनवर देऊ नका. दोन ओळींचे पत्र द्या, मंडप देऊ केल्याबद्दल आभार माना, ठरावाची प्रत जोडा. तीच प्रत त्याच दिवशी प्रभागातल्या बाकीच्या उमेदवारांनाही पाठवा, म्हणजे हा नियम त्याच्या एकट्यासाठी केला असे त्याला वाटणार नाही.